माहेरचं पाणी, डाळिंबी शेड

दुसऱ्याचे मासे सांभाळायला घेतले की ते खायचे नाहीत, एवढं एकच पथ्य असतं अशी माझी समजूत होती. बाकी त्यात अवघड काय? मासा भुंकत नाही, चावत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उडी मारत नाही. म्हणून समोरच्या इमारतीतल्या जुबेदाभाभी आणि सलीमभाई हजला निघाले, तेव्हा त्यांच्या काचेच्या पेटीतले दोन मासे चाळीस दिवस सांभाळायला मी एका दमात हो म्हटलं. विचार करायला वेळ घेतला असता तर हा लेख झाला नसता.

सलीमभाईंचे भिवंडीत लूम होते. त्यांच्या लूमवर विणलेलं कापड रंगायला जायचं ते माझा नवरा ज्या रंगाईच्या कारखान्यात मास्टर होता तिथे. त्यामुळे दोन्ही घरांत ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या यांची ये-जा होती. मासे मात्र पहिल्यांदाच येत होते, तेही जिवंत.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा भिवंडीत लोकांकडे गोल बरणीतले लाल मासे असायचे. भाभींची पेटी समुद्राच्या पाण्याची होती. त्यांच्या भावाने ती दुबईहून पाठवलेली. पाणी खारं, तळाशी पांढरी वाळू, चार दगड, आणि त्यात नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं जोडपं. भाभींनी त्यांची नावं नवाब आणि बेगम ठेवली होती. पेटी आमच्या हॉलमध्ये आली ती हातगाडीवरून, चौघांनी धरून, आणि मागे भाभी एका बादलीत नवाब-बेगमना घेऊन. वरातीत नवरानवरीला बसतात तेवढे धक्के त्यांनाही बसले असावेत.

माझ्या सासूबाई चष्मा लावून पेटीजवळ गेल्या. त्यांनी आयुष्यात मासा बघितला तो कोळणीच्या पाटीत, कल्ले उघडून.

"दोन घासांचे पण नाहीत," त्या म्हणाल्या.

भाभींना मराठी समजायचं, पण त्या बोलायच्या हिंदीत. सुदैवाने हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, कारण त्या मला नायट्रेट शिकवत होत्या. माशांनी खाल्लेलं, टाकलेलं, उरलेलं सगळं पाण्यात कुजतं आणि त्याचं शेवटी नायट्रेट होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. वाढलं की काच हिरवी होते, मासे मलूल होतात आणि मग जातात. ते मोजायला एक नळी होती. नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं नायट्रेट जास्त. रंग ताडून बघायला एक कार्ड होतं.

"हफ्ते में एक बालटी निकालो, एक बालटी नया डालो, नमक का पॅकेट घोलके," भाभी म्हणाल्या. "और रोज जितना सूखे, उतना मीठा पानी. पानी अच्छा लेना हां, भाभी. मैं तो हमेशा..."

एवढ्यात खालून सलीमभाईंनी हाक मारली. हार घालायला माणसं जमली होती, गाडी उभी होती. भाभींनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"अमानत है, भाभी."

"काळजीच करू नका," मी म्हटलं. "चाळीस दिवसांनी आहेत तसे परत घ्या."

त्या 'हमेशा' काय करायच्या ते वाक्य जुबेदाभाभींबरोबर मक्केला गेलं.

पहिला घोटाळा तासाभरातच होणार होता. सासूबाई तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून पेटीकडे निघाल्या होत्या.

"आई, हे काय?"

"ती म्हणाली ना, मीठा पानी."

मी हसून त्यांच्या हातातला तांब्या घेतला. (हे हसू पुढे मला फार महागात पडलं.) मीठा पानी म्हणजे मिठाचं पाणी नव्हे, गोडं पाणी, हे मी त्यांना समजावलं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून घालायचं ते बिनमिठाचं, गोडं. समजावताना माझा सूर थोडा शाळामास्तरणीसारखा लागला असेल. आणि मग मी माझ्या पायावर जो धोंडा पाडून घेतला तो असा: "आणि गोडं पाणी म्हटलं, तर आमच्या खारबावच्या विहिरीसारखं गोडं पाणी अख्ख्या भिवंडी तालुक्यात नाही."

सासूबाई म्हणाल्या, "हूं."

या 'हूं'ला चौदा वर्षांचा इतिहास होता. लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा इथला नळ दिवसाकाठी तासभर यायचा आणि येताना पाइपातलं बरंच काही घेऊन यायचा. डाळ शिजली नाही की मी म्हणायची, आमच्या विहिरीच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत मऊ होते. चहा काळा झाला की, केस गळले की, कपड्यांवर डाग पडले की, आमच्या विहिरीचं पाणी. सासूबाईंचं माहेर इथलंच, भिवंडी गावातलं. त्यामुळे त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. होतं ते फक्त हूं.

माझा धाकटा भाऊ वसंता रोज सकाळी खारबावहून मोटरसायकलला दुधाचे कॅन लावून भिवंडीत यायचा. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर एक पाण्याचा कॅन यायला लागला. तो चक्रावला होता.

"ताई, माशांना प्यायला पानी?"

"तुला काय करायचंय? आण."

पहिल्या आठवड्याचा नमुना मी रीतसर घेतला. पाच मिनिटांनी नळीतलं पाणी जेमतेम गुलाबी झालं. कार्ड काढलं तर त्यावरचे आकडे पाण्याने पुसून गेलेले, रंग तेवढे शाबूत. (रंगाईच्या गावात हे उलटं व्हायला हवं होतं. इथे रंग जातात आणि बिलावरचे आकडे राहतात.) मग रंगांना नावं कोणी द्यायची? नवरा म्हणाला, हे काम मास्टरचं. लाईट पिंक, रोज, मजेंटा, वाईन. सासूबाईंनी कार्ड हातातून काढून घेतलं आणि साडीच्या दुकानात गादीवर बसल्यासारखं एकेक बोट ठेवत गेल्या.

"हा मोतिया. हा गुलाबी. हा राणी. हा डाळिंबी. आणि हा शेवटचा आमसुली."

ही नावं लगेच रुळली. त्यानंतर आमच्या घरात नायट्रेट कधी आकड्यात मोजलं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात ते मोतियाच्या थोडं पुढे होतं. मी एक बादली पाणी काढलं, मिठाचं पॅकेट वसंताच्या पाण्यात घोळून एक बादली घातलं, आणि रोज सुकेल तेवढं माहेरचं गोडं पाणी वर ओतत राहिले. उन्हाळा होता, तांब्या तांब्या पाणी उडायचं.

दुसऱ्या आठवड्यात शेड गुलाबी आला. तिसऱ्यात राणी.

काचेला हिरवं शेवाळ धरायला लागलं. जुन्या टूथब्रशने घासली की चार दिवसांत पुन्हा हजर. बेगम दगडाआडून बाहेर येईना. मी संसारी बाई, घाण दिसली की आधी कोणी केली ते शोधते. संशयित पहिला: सासूबाई. त्या हल्ली दुपारचा वेळ पेटीसमोर खुर्ची टाकून घालवत होत्या. एकदा मी मागून गेले तर त्यांच्या मुठीत सुका जवळा.

"आई, हे त्यांना घालता?"

"दोनच काड्या गं. डब्यातलं ते परदेशी खाणं तुझ्या नवऱ्याने तरी खाल्लं असतं का?"

"त्याचंच नायट्रेट होतंय!"

"मग मीही चाळीस वर्षं जवळा खातेय. मला झालं का?"

जवळ्याचा डबा मी कपाटात घालून कुलूप लावलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या त्या फक्त नवाबशी. "उपाशी ठेवते रे तुला," असं काहीसं, मला ऐकू येईल इतपत.

आठवड्याने शेड राणीच्या पलीकडे गेलेला होता.

संशयित दुसरा: नवरा. कारखान्यातून आला की निळ्या-जांभळ्या नखांनी तो पेटीतले दगड हलवून बेगमला शोधायचा. मी म्हटलं, तुमच्या हाताचा रंग पाण्यात उतरतोय, म्हणून नळी लाल होते. इतका अपमान त्याचा सासुरवाडीतही झाला नव्हता.

"माझ्या हातचा रंग उतरत नाही," तो म्हणाला. "तो पक्का असतो."

तरी त्याला पेटीत हात घालायची बंदी झाली. शिवाय नळी कुठे धरून बघायची यावरूनही वाद. मी ट्यूबलाईटखाली बघायची, तो ती माझ्या हातातून काढून उत्तरेच्या खिडकीत न्यायचा. शेड कधीच ट्यूबलाईटमध्ये बघायचा नाही म्हणे, गिऱ्हाईक फसतं. उत्तरेच्या खिडकीत तो डाळिंबी निघाला.

आता मी हयगय सोडली. घाण वाढतेय तर पाणी जास्त बदलायचं, हा कोणत्याही शहाण्या बाईचा हिशेब. आठवड्याची एक बादली होती, ती मी दर तीन दिवसांनी केली, मग एक दिवसाआड. वसंताचे दोन कॅन यायला लागले. तो कुरकुरला, की दुधाला जागा राहत न्हाय, गिऱ्हाईकं बोलतात. मी त्याला गप्प केलं. बादल्या उचलून माझा खांदा धरला, हॉलमध्ये मिठाचे पांढरे ओघळ वाळले, आणि भाभींनी दिलेली मिठाची पॅकेटं संपता संपता दोनच उरली. मी जितकं पाणी बदलत होते तितका डाळिंबी पक्का होत होता.

चौतिसाव्या दिवशी नवाब कोपऱ्यात वाळूला टेकून बसला. खाणं समोरून तरंगत गेलं, त्याने मान वळवली नाही. (माशाला मान नसते हे मला माहीत आहे. पण त्याने ती वळवली नाही.) आणि त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे खरखर, आणि खरखरीत जुबेदाभाभी.

"भाभी, नवाब कैसा है?"

मी पेटीकडे बघितलं. "मजे में," मी म्हटलं.

"मैंने यहाँ सबके लिए दुआ माँगी. आपके लिए, अम्मा के लिए. नवाब के लिए भी."

फोन ठेवून मी खाली बसले ती बसलेच. चौदा वर्षांत मी कोणाची वाटी उसनी आणली तरी भरून परत केली होती. या बाईने मक्केत माझ्यासाठी दुआ मागितली आणि मी तिचा मासा मारत होते, तोही दिवसाआड बादल्या उपसून, कष्टाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर जायच्या आधी नळी घेऊन स्वयंपाकघरात आला. वसंता दारात कॅन उतरवत होता.

"आमच्याकडे लॉट बिघडला की आम्ही आधी रंगाला शिव्या देतो," नवरा म्हणाला. "मग रंगाऱ्याला. आणि सगळ्यात शेवटी पाणी तपासतो. दरवेळी चूक पाण्यातच निघते. तो कॅन इकडे आण, वसंता."

"कॅनचं पाणी तपासणार?" मी विचारलं.

"हो."

"आमच्या विहिरीचं?"

"हो."

"तपासा की," मी म्हटलं. "खुशाल तपासा. एकदाचं होऊनच जाऊ दे."

सासूबाईंनी देवघरातून येऊन चष्मा पुसला आणि उत्तरेच्या खिडकीशी जागा धरली. नवऱ्याने माझ्या माहेरचं पाणी नळीत घेतलं. काचेसारखं स्वच्छ. थेंब टाकले, हलवलं. वसंता हाताची घडी घालून आमच्या बाजूने उभा होता.

"आमच्या बावीचा पानी कंदी कोनाला बाधला न्हाय," तो म्हणाला. बाव म्हणजे विहीर. एवढं बोलून त्याने आमच्या घराण्याची बाजू मांडली.

पहिल्या मिनिटाला गुलाबी. दुसऱ्याला राणी. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं झाली नाहीत. तिसऱ्या मिनिटाला डाळिंबी ओलांडून गेला. पाच मिनिटं झाली तेव्हा नवऱ्याने नळी कार्डाला लावली आणि सासूबाईंकडे दिली. शेड सांगायचा मान त्यांचा.

"आमसुली," त्या म्हणाल्या. आणि नळी परत देत, "हूं."

तोच हूं. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा तो पोट भरल्यासारखा ऐकू आला.

नवऱ्याने वसंताची उलटतपासणी घेतली. विहिरीशेजारी काय आहे?

"काय न्हाय. गोठा हाय."

"आणि?"

"आनि उकिरडा हाय, शेनाचा."

"किती लांब?"

वसंताने आमच्या स्वयंपाकघरात नजर फिरवून अंतर काढलं. "हितून त्या फ्रीजपत्तूर."

म्हणजे आमच्या आजोबांच्या काळापासून आठ म्हशींचं शेण पावसाने मुरत मुरत विहिरीत उतरत होतं, आणि नायट्रेट कमी करायला मी रोज नायट्रेटच ओतत होते, वरून मीठ घालून. नवाबची घाण नवाबला पुरली असती. त्यात मी खारबावच्या आठ म्हशींची भर घातली होती.

रडत बसायला वेळ नव्हता. मी विचारलं, ज्यात काहीच नाही असं पाणी कुठे मिळतं? नवरा म्हणाला, बॅटरीचं. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते वाफेचं पाणी. कारखान्यात नमुन्याचा रंग बनवायला तेच वापरतात. मी पिशवी घेऊन थेट धामणकर नाक्यावरच्या बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "गाडी कौनसी है?" मी म्हटलं, "मासा आहे." त्याने कॅन मोजून पुढे ठेवले.

रिक्षात पाच कॅन आणि त्यांच्यावर मी. त्याच दुपारी निम्मं पाणी काढून उरलेल्यातलं एक पॅकेट बॅटरीच्या पाण्यात घोळून घातलं, हळूहळू, पेल्यापेल्याने. नवाब तसाच टेकलेला. दोन दिवसांनी शेवटचं पॅकेट. उत्तरेच्या खिडकीत डाळिंबीचा राणी झाला, राणीचा गुलाबी. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. नवाब काचेला नाक लावून उभा होता, मागे बेगम. सासूबाईंनी हात पुढे केला. मी कपाटाचं कुलूप काढून जवळ्याचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोजून एक काडी टाकली आणि नवाबने ती खाल्ली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर एकीला तरी रडू आलं असतं, आणि ते आमच्या घरात चालत नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी जुबेदाभाभी आल्या. खजूर दिले, गळ्यात पडल्या, आणि पेटीसमोर जाऊन थबकल्या. काच लख्ख, नवाब-बेगम नाचतायत. भाभींनी स्वतः नळी घेऊन नमुना काढला. पाच मिनिटं मी श्वास घेतला नाही. शेड आला मोतिया आणि गुलाबीच्या मध्ये.

"इतना साफ तो मेरे घर में भी नहीं था," भाभी म्हणाल्या. "मैं तो हमेशा धामणकर नाके से बॅटरी का पानी मँगवाती थी. आपने कौनसा डाला?"

हमेशा! ते वाक्य चाळीस दिवसांनी पुरं झालं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या, स्वच्छ हिंदीत, जी त्यांना येते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"इसके मायके के कुएँ का."

भाभींनी माझे हात पुन्हा हातात घेतले. आता बॅटरीचं पाणी बंद, म्हणाल्या. वसंताभाईला सांगा, दर आठवड्याला दोन कॅन आमच्याकडे पण. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? खरं सांगायचं तर नवाब कोपऱ्यात टेकला होता तेही सांगावं लागलं असतं, आणि मजे में पण.

भाभी गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, असं का सांगितलंत.

"चौदा वर्षं तूच सांगतेस," त्या म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा हो म्हटलं, तर तक्रार?"

वसंताने उकिरडा विहिरीपासून लांब हलवला, आणि या कामाबद्दल तो माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही. पण तेवढ्याने आठ म्हशींचा इतिहास धुऊन निघत नाही. त्यामुळे पुढची तीन वर्षं, भाभी पेटीसकट मुंबईला राहायला जाईपर्यंत, व्यवस्था अशी होती: दर आठवड्याला वसंता खारबावहून दोन रिकामे कॅन आणायचा, मी ते धामणकर नाक्यावरच्या बॅटरीच्या पाण्याने भरून ठेवायची, आणि तो ते समोरच्या इमारतीत नेऊन म्हणायचा, "ताईच्या माहेरचा पानी." भाभी ज्याच्याकडून घ्यायच्या त्याच दुकानातून मी घ्यायची. दुकानदाराने गाडी कोणती हे पुन्हा विचारलं नाही.

भाभी हजहून आल्या त्या दिवसापासून सासूबाईंनी हूं म्हणणं सोडून दिलं. उलट कोणी पाव्हणा आला आणि पाण्याचा विषय निघाला, की माझ्या आधी त्याच सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या माहेरच्या पाण्यासारखं पाणी नाही हो. त्यावर ट्रकसुद्धा चालू होतो."